स्वतःच्या वजनाने पडणारा खटका

४ मार्च

पोरी,

अक्षर ओळखलंच असशील, त्यामुळे खाली सही बघायला जाऊ नकोस. फाडण्याआधी एवढंच वाच की हे पत्र भांडणाचं नाही, कुत्र्याचं आहे.

तुझ्या आईकडून कळलं की चिमीने कुत्र्यासाठी हट्ट धरलाय, जावईबापूंनी कुठलंसं पूडल-मिश्र पिल्लू बघून ठेवलंय आणि तू नाही म्हणून बसली आहेस. फोनवर तू आईशीच बोलतेस, मी जवळ आलो की ‘बरं, ठेवते’ म्हणतेस, म्हणून लिहावं लागतंय. या विषयातलं मला कळतं. माझी शाळा सातवीत सुटली, पण कुलपांचं काम मी भंगारातली कुलपं उघडून शिकलो आणि कुत्र्यांचं वाचनालयातली पुस्तकं उघडून. दोन्हीकडे शिकवायला कोणी नव्हतं.

तर आधी हे समजून घ्या की पूडल-मिश्र ही एक जात नव्हे. एक बाजू पूडल, दुसरी बाजू काहीही. विकणारे त्याला गोड गोड नावं देतात. ती नावं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आतला माल डबा उघडल्यावर कळतो. पूडलमध्येसुद्धा मापं असतात. एक कुशीत मावेल एवढं, एक गुडघ्याखालचं, आणि एक चांगलं मांडीला लागणारं. जावईबापूंना सांग, कोणतं पूडल ते विचारा आणि तोंडी उत्तर घेऊ नका. पिल्लाची आई दाखवा म्हणायचं, बाप दाखवा म्हणायचं, आणि दोघांच्या खांद्यापाशी स्वतः टेप लावायची. बाप बाहेरगावी आहे असं म्हणाले तर चहाला न थांबता उठून यायचं.

केस गळत नाहीत हे अर्धंच खरं. जे गळत नाहीत ते अंगावरच राहतात आणि एकमेकांत अडकतात. आठ-दहा महिन्यांचं झालं की पिल्लाची मऊ लव जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात, त्या दिवसांत सगळ्यात वाईट गुंता होतो. मऊ ब्रशने वरवर फिरवून काही उपयोग नाही. लांब दातांचा लोखंडी कंगवा हवा आणि तो कातडीला टेकेपर्यंत आत गेला पाहिजे. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली. रोज. चिमीला शिंका येतात म्हणे. तर तिला त्या पिल्लाच्या आईजवळ दोन वेगवेगळ्या दिवशी तासभर बसवा आणि मग ठरवा. ज्याने शिंक येतच नाही असं कुत्रं मी अजून वाचलेलं नाही.

आता राहिलं तुझं. तू आईला म्हणालीस, “माझ्या हातून एक गेलंय, दुसरं आणायची माझी लायकी नाही.” हे डोक्यातून काढून टाक. तू दहा वर्षांची होतीस. दहा वर्षांच्या मुलीकडून फाटक उघडं राहू शकतं. मी तेव्हाही तुला फार काही बोललो नव्हतो, आठवून बघ. एकवीस वर्षं झाली त्याला.

कंगव्याचं चित्र मापासकट सोबत जोडलं आहे. दात एकोणतीस मिलीमीटर, त्याहून आखूड घेऊ नका.

बाबा


१७ मार्च

पोरी,

पत्र पोचलं आणि तू ते वाचलंस, एवढं आईकडून कळलं. तू तिला म्हणालीस म्हणे, “बाबांना एवढं माहीत होतं तर लोकरूच्या वेळी कुठे गेलं होतं?”

प्रश्न बरोबर आहे. लोकरूच्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. जे लिहिलं ते लोकरू गेल्यावर शिकलो. तेव्हा मी एकच पुस्तक वाचलं होतं, तेही अर्धं, आणि बोलत मात्र होतो तीन पुस्तकं वाचल्यासारखा.

तुला निवाऱ्यातलं ते एक कान मोडलेलं कुत्रं हवं होतं. मी वहीत तक्ता केला. केस, उंची, भुंकणं, अक्कल, प्रत्येकाला दहापैकी गुण. मोडक्या कानाला चाळीसपैकी सोळा पडले, पूडल-मिश्राला छत्तीस. तू विचारलंस, “बाबा, आवडण्याचे गुण कुठे?” मी म्हणालो, तो विषय परीक्षेला नाही. तुझी आई हसली होती. मलाही ते फार हुशारीचं वाटलं होतं.

मामा त्या रविवारी आलेला. त्याने एकच विचारलं, “भावोजी, पिल्लाचे आई-बाप पाहिलेत का?” मी म्हणालो, “इंजिनियरसाहेब, मी भोक बघून किल्ली सांगतो. पिल्लू बघून कुत्रं सांगता येणार नाही होय?” आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर, तुझ्या उंचीच्या रेघा होत्या त्यांच्या शेजारी, जमिनीपासून पस्तीस सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ मारली. खाली तारीख घातली, सही केली. वर म्हणालो, हा याच्या वर गेला तर मिशा काढीन.

विकणाऱ्याकडे मी आई मागितली नाही, बाप मागितला नाही. पंजे बघितले, दात बघितले, मान हलवली. बघणाऱ्याला वाटावं की यांना कळतं.

पुढचं तुला माहीत आहे. चौथ्या महिन्यात लोकरूचा खांदा रेघेला लागला. सातव्यात रेघ त्याच्या पोटाखालून जायला लागली. मामा आला की चौकटीशी वाकून बघायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “ताई, घर खचतंय वाटतं. रेघ खाली गेली.” समोरचा शिंपी रोज विचारायचा, “कुत्रं पाळलंय की सोफा? सोफा असेल तर खोळ शिवून देतो.” मिशा मी काढल्या नाहीत. त्या अजून आहेत.

आणि मग ते केस कापणाऱ्या बाईंचं दुकान. रोज संध्याकाळी मी स्वतः त्याला विंचरत होतो, तुला हात लावू देत नव्हतो, कारण तुला पद्धत माहीत नाही असं माझं म्हणणं. बाईंनी त्याच्या पाठीवर दोन बोटं खुपसली आणि म्हणाल्या, “दादा, वरवर विंचरलंय हो. आत गुंता घट्ट होऊन सगळा नमदा झालाय. हे आता सुटायचं नाही, मुळापासून काढावं लागेल.” दुकानात पाच माणसं होती. लोकरू टेबलावर उभा, अंगावरून एका अखंड चादरीसारखे केस निघताहेत, खालून गुलाबी कातडी, जागोजागी लाल चट्टे. तू त्याचं डोकं धरून होतीस. बाईंनी विचारलं, “कोण विंचरतं गं याला?” तू म्हणालीस, “बाबा. पण त्यांना विंचरता येत नाही.”

तू खरं तेच बोललीस. तुला वाटलं असेल की मी विसरलो असेन.

असो. माणसं हसतात आणि विसरतात. सहा वर्षांपूर्वी तुझ्या घरी आलो होतो तेव्हा मी केलेली थट्टाही तसलीच होती. तू ती एवढी मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. सहा वर्षं फार होतात.

पिल्लाचं काय ठरलं ते कळव. मला नाही तर आईला.

बाबा


३० मार्च

पोरी,

काल सकाळी तू आईला फोन केलास. मध्येच तू भाजी बघायला गेलीस आणि फोन चिमीच्या हातात दिलास. इकडे तुझी आई ओट्याशी गेली होती, तिने माझ्या हातात दिला. तुला हे माहीत नसेल. मी आणि चिमी दीड मिनिट बोललो.

मी विचारलं, काय गं, पिल्लू कधी आणणार? ती म्हणाली, “आजोबा, आमच्याकडे कुत्रं नाही आणायचं. आई दार उघडं ठेवते.” मी म्हणालो, कोण म्हणालं? “आईच म्हणाली. म्हणून आता मी बघते दार. आईने बघितलं की मग मी बघते.” सहा वर्षांची पोर हे कामाला लागलेल्या माणसासारखं सांगत होती. मग मागून तुझा आवाज आला आणि मी फोन ठेवून दिला.

काल दुकान उघडलं नाही. आज हे लिहितोय.

लोकरू पळाला नव्हता. मी त्याला देऊन आलो होतो.

शहराबाहेर चाळीस मिनिटांवर एक रोपवाटिका आहे. तिथल्या बाईंच्या गोदामाचं कुलूप मी बसवलं होतं. त्या एकदा म्हणाल्या होत्या की मोठंसं, माणसाळलेलं कुत्रं कुठे असेल तर सांगा. केस कापल्याला नऊ दिवस झाले होते. त्या रविवारी मामा येणार होता आणि त्याने शिंप्याच्या देखत सांगून ठेवलं होतं, “टेप मी आणतो, वस्तरा तुम्ही आणा.” मी घरी बसून हिशोब केला की कुत्रंच नसेल तर मोजणार काय.

कारण एवढंच होतं. गेले दोन तास याहून मोठं काहीतरी कारण सापडतंय का ते बघत बसलो होतो. खर्चाचं नव्हतं. जागेचं नव्हतं. तो कुणाला चावला नव्हता. त्याची एकच चूक होती, मी सांगितलं तेवढ्यावर तो वाढायचा थांबला नाही. आणि तू त्या दुकानात जे बोललीस ते माझ्या घशात अडकून बसलं होतं. दहा वर्षांच्या लेकीचा राग धरला होता मी. 

तुझी आई सातला तिच्या शिवणकारखान्यात गेली, तू तिच्या मागोमाग शाळेला गेलीस. मी त्याला गाडीत घातलं आणि घेऊन गेलो. बाईंनी विचारलं, “घरच्यांना चालेल ना?” मी म्हणालो, “घरचेच म्हणाले.” परत आलो आणि फाटक उघडून, बंद होऊ नये म्हणून खाली वीट लावून ठेवली. म्हटलं, कुणी मीटरवाला आला असेल, कुणी पत्रकवाला, त्याने उघडं ठेवलं असेल असं सगळे म्हणतील. मग दुकानात जाऊन बसलो. त्या दिवशी मी तुमच्याही आधी दुकानात गेलो असंच तुम्हा दोघींना वाटत होतं. तू यायच्या अर्धा तास आधी येऊन वीट उचलून मागे टाकली, बिजागरीत एक बारीक खडा अडकवून फाटक तसंच भिंतीला टेकवून ठेवलं.

तुझ्यावर घालायचं असं ठरवलं नव्हतं. हे खरं आहे, पण याचा काही उपयोग नाही हेही मला कळतं.

तू दप्तर न काढता फाटकाशी उभी राहिलीस. मी आलो. तू विचारलंस, “बाबा, मी लावलं होतं ना?”

मी म्हणालो, “तूच सांग.”

तेवढेच दोन शब्द. पुढचं सगळं तू स्वतःच केलंस. रडलीस, आठवायला लागलीस, रात्री जेवताना म्हणालीस की बहुतेक लावलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी म्हणालीस की नव्हतंच लावलं. मी नुसता बघत होतो. तुला बोललो नाही, हे मी पहिल्या पत्रात मोठेपणाने लिहिलं होतं. त्यातला मोठेपणा किती ते आता तुला कळलं असेल.

मग तू भित्तिपत्रकं केलीस. सव्वीस केलीस, स्केचपेनने, प्रत्येकावर लोकरूचं चित्र. पहिलं मला दाखवायला आणलंस. त्यावर लिहिलं होतं, ‘उंची बाबांच्या गुडघ्यापेक्षा थोडी जास्त’. मी काय केलं माहीत आहे? टेप काढली नाही, कारण आकडा मला पाठ होता. म्हणालो, असं मोघम लिहू नये, छप्पन्न सेंटीमीटर लिही. तू खोडून छप्पन्न लिहिलंस. सगळ्या सव्वीसांवर. चौकटीवरच्या माझ्या रेघेच्या वर एकवीस सेंटीमीटर, आणि मी ते माझ्या तोंडाने, मुलीच्या हाताने, गल्लीभर लावून घेतलं, कारण आता तो घरात नव्हता.

आणि तळाशी तू माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंस, ‘फाटक मी उघडं ठेवलं. तो पळपुटा नाही, त्याला मारू नका.’

ते मी खोडायला सांगितलं नाही.

सहा दिवस तू शाळा सुटल्यावर गल्ल्या फिरत होतीस. एका दिवशी मीही बरोबर आलो. हाका मारल्या. माझी हाक तुझ्यापेक्षा मोठी होती.

लोकरू चांगला जगला. हे माझ्या बाजूने सांगत नाही, तुला माहीत असावं म्हणून सांगतो. रोपवाटिकेत त्याला ‘मुकादम’ म्हणायचे, कारण कामाला आलेल्या बायकांच्या मागे मागे फिरायचा आणि कुणी बसलं की समोर येऊन उभा राहायचा. बाई त्याला दर दीड महिन्याने बारीक कापून घ्यायच्या, त्यामुळे गुंता कधी झाला नाही. दोन गोदामांच्या मधल्या सावलीत त्याची जागा होती. साडेबारा वर्षांचा होऊन गेला. चिंचेच्या रोपांच्या मागे पुरलाय. मी वर्षातून दोनदा कुलपांना तेल द्यायला म्हणून जात होतो, म्हणून माहीत आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तो लांबून धावत आला. मला वाटलं अंगावर उडी मारेल. तो माझ्या बाजूने पुढे गेला, गाडीला वळसा घातला आणि तू बसायचीस त्या दाराशी जाऊन बसला. मी दार उघडून दाखवलं. त्याने आत डोकं घातलं, सीट हुंगली. मग पुन्हा खाली बसला. मी तेल देऊन, चहा पिऊन परत निघालो तोवर तिथेच होता.

आता सहा वर्षांपूर्वीचं. चिमी तीन महिन्यांची होती. तू जेवणातून दोनदा उठून दाराची कडी बघून आलीस. मी जावईबापूंना म्हणालो, “हिच्यावर दार सोपवू नका बरं का. एक कुत्रं घालवून बसलीय.” जावईबापू हसले, त्यांना काय माहीत. तू ताट घेऊन आत गेलीस.

ते मी बोललो. सगळं माहीत असून. थट्टा म्हणून. ते तुझ्या तोंडावर बोलायला मला काहीच वाटलं नाही, कारण पंधरा वर्षांत ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. चिमीला मात्र सांग. कसं सांगायचं ते तू ठरव, पण तिने दार बघायला नको.

बाबा


३१ मार्च

पोरी,

कालचं पत्र सकाळी पेटीत टाकलं आणि परत येताना लक्षात आलं की त्यात एक गोष्ट मी लिहिलेली नाही. विसरलो नव्हतो. ठेवून घेतली होती. ती लिहिली नाही तर बाकीचं लिहिलेलंही फुकट.

फाटकाचा खटका माझा होता. विकतचा नव्हे, मी घडवलेला. तुला आठवत असेल, त्याला स्प्रिंग नव्हती. फाटक कुठूनही सोडलं तरी वरच्या कलत्या बिजागरीमुळे ते आपलं आपण मिटायचं आणि खटक्याची जीभ स्वतःच्या वजनाने खाचेत पडायची. ओढायला नको, आपटायला नको. आंधळ्या माणसाने सोडून दिलं तरी लागणारं फाटक, असं मी गल्लीभर सांगत होतो. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम ते. अजूनही.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी... बघ, तू गेल्यावर लिहिलं. लोकरू गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई चपला घालता घालता म्हणाली, “पण मी काय म्हणते, ते फाटक तर आपोआप लागतं ना? मग पोरीकडून उघडं राहिलं कसं?”

वाकडं काही नव्हतं तिच्या मनात. साधा प्रश्न होता. तू तेव्हा मोरीत दात घासत होतीस. ऐकलं असतंस तर सुटली असतीस.

मी म्हणालो, बघतो. तुम्ही दोघी गेल्यावर कानस घेतली आणि जिभेच्या नाकावर मारली. अर्धा मिलीमीटर, थोडी तिरकी. त्याने ती खाचेच्या ओठावर अडकून उभी राहायला लागली. दहादा सोडलं तर तीनदा अडकायची. रोज अडकली असती तर संशय आला असता, म्हणून तीनदाच. एवढा विचार करून मी माझं काम बिघडवलं. संध्याकाळी तुम्हा दोघींना फाटकाशी नेऊन दाखवलं. “बघा, कधी कधी अडकतो. म्हणून सांगत असतो, ओढून बघावं.” असलं काही मी आधी कधी सांगितलेलं नव्हतं. तू मान खाली घालून म्हणालीस, “हो बाबा, आता ओढून बघीन.”

तेव्हापासून तू ओढून बघतेयस. कुठल्याही घरात, कुठलंही दार.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. मी बोलत असताना सोलत राहिली. झाल्यावर विचारलं, “कानशीचा चुरा पायपुसण्यावर होता तो?” म्हटलं, हो. ती म्हणाली, “मीच झाडला होता. म्हटलं, पोरीसाठी दुरुस्त करताहेत.” मग उठली, वाटाणे आत नेले. बाहेर येऊन म्हणाली, “पत्र लिहून झालं असेल तर टाकून या. आणि आजपासून तुमचं ताट तुम्ही वाढून घ्या. मला काही दिवस तुमच्या समोर बसायचं नाहीये.” आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवतो आहोत. तक्रार नाही.

खटका आज फाटकावरून उतरवला. फाटक तारेने बांधून ठेवलंय. पार्सलने वेगळा पाठवतो आहे. नाकापाशी अंगठा फिरव, कानशीचे ओरखडे लागतील. बाकी सगळा पॉलिश आहे, तेवढीच जागा खरखरीत आहे. मी म्हणतो म्हणून काही मानू नकोस. हाताने बघ.

बाबा


२२ एप्रिल

पोरी,

तुझं कार्ड मिळालं. आईने वाचून झाल्यावर माझ्या ताटाशेजारी ठेवलं. थोड्याच ओळी आहेत, मला पाठ झाल्या.

खटका पोचला, ओरखडे लागतात, हे कळलं. ‘मुकादम’ नाव बरं आहे म्हणतेस, ते बाईंना सांगेन, त्यांना बरं वाटेल. सध्या मला भेटायचं नाही, हेही बरोबर आहे. मी येणार नाही. चिंचेच्या रोपांपाशी तुला एकटीला जायचं आहे, म्हणून रोपवाटिकेचा पत्ता आणि तिथल्या फाटकापासूनची वाट या कागदाच्या मागे काढून दिली आहे. उजवीकडे पाण्याची टाकी लागेल, तिथून तुझी बावीस पावलं. माझी वीस.

पिल्लाचं तू म्हणतेस की एका प्रश्नाचं उत्तर आल्यावर ठरवशील. त्या उत्तराआधी पिल्लाबद्दल दोनच गोष्टी. कोणतं घ्यावं ते मी सांगत नाही, पूडल-मिश्र घ्या नाहीतर मोडक्या कानाचं घ्या. आणि विंचरायचं काम चिमीला द्या. तिला सांगायचं, कंगवा कातडीला लागेपर्यंत.

आता प्रश्न. तू लिहिलंयस, ‘वीट तुम्ही लावलीत ते कळलं. पण त्याआधी? त्या सकाळी मी फाटक लावलं होतं का नव्हतं? मला आठवत नाही. इतक्यांदा आठवून पाहिलंय की आता दोन्ही आठवतं.’

मला एकच आठवतं, कारण मी घरात होतो.

सात वाजून बारा मिनिटं झाली होती. मी मागच्या खोलीत लोकरूचा पट्टा धरून तू जायची वाट बघत उभा होतो. त्याला कळलं नव्हतं, तो खेळ समजत होता. तू दारातून ‘येते रे’ म्हणालीस, मला नव्हे, त्याला. त्याने शेपटी माझ्या पोटरीवर आपटली. मग तुझी पावलं फरशीवर, मग बिजागरीची कुरकुर. मग खटका. त्या खटक्याचा आवाज दोन तुकड्यांचा होता, हे मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. आधी जीभ ओठावर चढते तो बारीक, मग खाचेत पडते तो जाड. मी दोन्ही ऐकले. मध्ये जेवढी जागा पाहिजे तेवढीच होती.

मग तू गेली नाहीस. दोन पावलं परत आलीस. फाटक हलल्याचा आवाज आला, एकदाच, आणि काही उघडलं नाही. तू ओढून पाहिलंस. मी सांगण्याच्या आधी, कुणी काही सांगण्याच्या आधी, आत तुझं कुत्रं होतं म्हणून.

संध्याकाळी त्याच फाटकाशी तू मला विचारलंस, “बाबा, मी लावलं होतं ना?”

लावलं होतंस. ओढूनही पाहिलं होतंस.